भूस, कुट्टी आणि रडार: 'चॅफ' या शब्दाचे अर्थ

इंग्रजी शब्दकोशात 'चॅफ' हा शब्द काढून पाहिला, तर त्यापुढे एकमेकांशी काडीचाही संबंध नसल्यासारखे वाटणारे अर्थ दिलेले आढळतात: मळणीनंतर दाण्यापासून सुटणारे भूस, जनावरांसाठी बारीक कापलेला चारा, बिनकामाची गोष्ट, चेष्टामस्करी, आणि लढाऊ विमानाने शत्रूच्या रडारला फसवण्यासाठी हवेत सोडलेले धातूचे तंतू. यांपैकी मस्करीचा अर्थ बाजूला ठेवला, तर बाकीचे सगळे अर्थ मळणी आणि उफणणी या दोन कामांतून निघालेले आहेत. त्यातही उफणणीत नेमके काय घडते हे नीट समजले, तर रडार आणि गुप्तसंदेश यांसारख्या आधुनिक क्षेत्रांत हा जुना शेतकी शब्द का शिरला, हेही सहज उलगडते.

प्रथम मूळ वस्तू पाहू. गहू, भात, जव, ओट ही सगळी गवताच्या कुळातील पिके आहेत आणि या कुळातील फुलांना रंगीत पाकळ्या नसतात. त्याऐवजी कागदासारखी पातळ, ताठ आवरणे असतात. गव्हाची ओंबी जवळून पाहिली तर ती मधल्या एका वाकड्यातिकड्या दांड्यावर दोन्ही बाजूंनी रचलेल्या लहान लहान कणिशकांची बनलेली दिसते. प्रत्येक कणिशकाच्या तळाशी दोन कडक तुषे असतात आणि त्यांच्या आत जी दोन-तीन किंवा अधिक फुले असतात, त्यांपैकी प्रत्येक फुलाभोवती पुन्हा दोन आवरणे असतात, एक बाहेरचे आणि एक आतले. बोटाला टोचणारे कुसळ हे या बाहेरच्या आवरणाचेच लांबलेले टोक असते. दाणा या सगळ्याच्या आत भरतो. गहू मळला की आवरणे फुटतात, दाणा उघडा होऊन बाहेर पडतो आणि मागे उरते ते तुषांचे, कुसळांचे, दांड्याच्या तुकड्यांचे आणि पानांच्या चुऱ्याचे मिश्रण. यालाच काटेकोर अर्थाने चॅफ म्हणतात.

येथे एक गल्लत नेहमी होते. दळल्यावर चाळणीत उरणारा कोंडा आणि मळणीत निघणारे भूस या दोन वेगळ्या वस्तू आहेत, कारण कोंडा हा दाण्याचाच भाग असतो. गव्हाचा दाणा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एक पूर्ण फळ आहे. त्यात फळाची साल आणि बियांची साल एकमेकींना चिकटून एकजीव झालेली असते, आणि कोंडा या चिकटलेल्या सालींपासून तयार होतो. भूस मात्र फुलाच्या आवरणांपासून आलेले असते आणि दाण्याशी ते जोडलेले नसते. भातात हा भेद आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण भाताच्या फुलाची दोन आवरणे एकमेकांत अडकून दाण्याभोवती घट्ट बसतात आणि मळणीनंतरही सुटत नाहीत. भात गिरणीत भरडला की जे तूस निघते ते हेच. अख्ख्या भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा या तुसाचा असतो आणि ते जाळल्यावर उरणारी राख बहुतांशी सिलिका असते, म्हणजे वाळूत जे द्रव्य असते तेच. तूस इतके खरखरीत का लागते आणि कुजायला इतका वेळ का घेते, याचे उत्तर या सिलिकेत आहे.

जी आवरणे आपण टाकून देतो ती वनस्पतीच्या दृष्टीने मुळीच टाकाऊ नसतात. पीक हिरवे असताना तुषे आणि कुसळे सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि दाणा भरण्याच्या काळात, खालची पाने पिवळी पडू लागलेली असताना, त्यांचा हा हातभार मोलाचा ठरतो. रानटी गव्हात तर आवरणांचे काम याहून पुढचे आहे. तेथे ओंबी पिकली की आपोआप विखुरते आणि आवरणांत घट्ट गुंडाळलेला दाणा जमिनीवर पडतो. त्याची दोन लांब कुसळे दिवसाच्या कोरड्या हवेत बाहेरच्या बाजूला वाकतात आणि रात्रीच्या दमट हवेत पुन्हा सरळ होतात. त्यांवरचे बारीक काटे मागे सरकू देत नसल्यामुळे ही रोजची हालचाल दाण्याला थोडे थोडे करून मातीत रुतवत नेते. भूस म्हणून आपण ज्याची हेटाळणी करतो, ते मुळात पेरणीचे अवजार आहे.

माणसाने सुमारे १०,००० वर्षांपूर्वी धान्याची शेती सुरू केली, तेव्हा त्याला नेमके उलटे गुण हवे होते: ओंबी विखुरू नये आणि दाणा आवरणातून सहज सुटावा. पहिला गुण लवकर साधला, दुसऱ्याला वेळ लागला. आइनकॉर्न, एमर आणि स्पेल्ट हे जुने गहू आजही मळणीनंतर आवरणातच राहतात आणि त्यांना भाताप्रमाणे वेगळे कांडावे लागते. पोळी-पावासाठी आज सर्वत्र वापरला जाणारा गहू मात्र मळताच मोकळा होतो, आणि या बदलामागे 'क्यू' नावाच्या जनुकाचा व तुषांचा चिवटपणा ठरवणाऱ्या जनुकाचा मोठा वाटा आहे. पुरातत्त्वज्ञांना याचा फार उपयोग होतो. प्राचीन वस्तीच्या चुलीत जळून कोळसा झालेले दाणे पुष्कळदा एकमेकांसारखे दिसतात, पण तुषाचा बुंधा किंवा दांड्याचा एखादा सांधा सापडला, तर तो कोणत्या जातीचा गहू होता आणि त्याची ओंबी विखुरणारी होती की नव्हती, हे अधिक खात्रीने सांगता येते. जी वस्तू फेकून दिली गेली तीच पुरावा म्हणून दाण्याहून सरस ठरते.

आता उफणणीकडे वळू. मळलेले धान्य उंचावरून वाऱ्यात सोडले की दाणा जवळ पडतो आणि भूस दूर जाते, एवढे कोणालाही दिसते. मात्र 'भूस हलके असते म्हणून ते उडते' हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे. हवेतून पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर खाली ओढणारे वजन आणि तिला अडवणारा हवेचा विरोध असे दोन जोर काम करतात. पडण्याचा वेग वाढत जातो तसा विरोधही वाढतो आणि एका टप्प्यावर दोन्ही समान झाले की वेग वाढणे थांबते. या वेगाला अंत्य वेग म्हणतात. गव्हाच्या दाण्याचा अंत्य वेग साधारण सेकंदाला ७ ते ९ मीटर असतो. पातळ, पसरट तुषाचे वजन नगण्य आणि हवेला अडणारा पृष्ठभाग मात्र मोठा असल्यामुळे त्याचा अंत्य वेग याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी असतो.

याचा परिणाम आकड्यांत असा दिसतो. समजा, धान्य २ मीटर उंचीवरून सोडले आणि सेकंदाला ३ मीटर वेगाचा मंद वारा आडवा वाहत आहे. दाणा दोन तृतीयांश सेकंदाच्या आसपास जमिनीवर पोचतो आणि तेवढ्या वेळात वारा त्याला फार तर अर्धा मीटर सरकवू शकतो. सेकंदाला दीड मीटर वेगाने तरंगत येणारे तूष त्याच उंचीवरून खाली यायला जवळजवळ दुप्पट वेळ घेते, आणि मुख्य म्हणजे ते सुटल्यासुटल्या वाऱ्याचाच वेग घेते, त्यामुळे ते सुमारे ४ मीटर दूर जाऊन पडते. दाणा आणि भूस यांच्यामध्ये साडेतीन मीटर अंतर पडते ते केवळ यामुळे की एक वस्तू वाऱ्याला जुमानत नाही आणि दुसरी वाऱ्याबरोबर जाते. पंख्याने हवा फेकणारी यंत्रे चीनमध्ये हान राजवटीच्या काळापासून होती आणि युरोपात ती अठराव्या शतकात रुजली. आजच्या कंबाइन हार्वेस्टरच्या पोटातही पंखा आणि हलणाऱ्या चाळण्या हेच काम करतात, फक्त फार वेगाने.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढचे सगळे अर्थ तिच्यावर उभे आहेत. वारा चांगले आणि वाईट असा निवाडा करत नाही. वस्तू हवेत कशी वागते एवढेच तो तपासतो. पोचट दाणा हा दाणाच असतो, पण तो भुसाबरोबर उडून जातो. दाण्याएवढा खडा निरुपयोगी असतो, पण तो धान्याच्या राशीत बसतो. या उणिवेचा फायदा तणांनी घेतला आहे. जवसाच्या शेतात वाढणाऱ्या कॅमेलिना या तणाची एक जात अशी आहे की, तिचे बी उफणणीत जवसाच्या बियांबरोबरच जाऊन पडते. कोणी मुद्दाम असे केले नाही. ज्या बिया वेगळ्या अंतरावर पडल्या त्या पिढ्यान्पिढ्या बाजूला काढल्या गेल्या, ज्या जवसासारख्या वागल्या त्या बियाण्यात राहून पुन्हा पेरल्या गेल्या, आणि निवडीची ही चाळणीच शेवटी तणाला जवसाचा वेष देऊन गेली. अशा नकलेला रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांच्या नावाने ओळखले जाते. राय हे धान्यही मुळात गहू-जवाच्या शेतातले तण होते आणि असेच निसटत निसटत ते स्वतंत्र पीक बनले, असे वाव्हिलोव्ह यांनी मांडले होते. याच्या उलट टोकाची अडचण ऑस्ट्रेलियात आढळते: तेथे तणनाशकांना दाद न देणाऱ्या रायग्रासचे बी कापणीच्या वेळी भुसाबरोबर यंत्राबाहेर पडते आणि शेतभर पसरते, म्हणून काही शेतकरी यंत्राच्या मागच्या बाजूला भूस गोळा करतात किंवा त्यातले बी चिरडून टाकणारी जोडणी बसवतात.

शब्दाचे किरकोळ अर्थ थोडक्यात आटोपता येतील. गवत किंवा काड बारीक कापून केलेल्या कुट्टीलाही इंग्रजीत चॅफ म्हणतात, कारण ती दिसायला भुसासारखीच असते आणि चाऱ्यात ती भुसासारखीच मिसळली जाते. घोड्याच्या खुराकात ती घातली की तो दाणे घाईघाईने न गिळता चावून खातो. 'चॅफिंच' या युरोपातल्या पक्ष्याचे नाव तो खळ्यावरच्या भुसात दाणे टिपत असे यावरून पडले. सूर्यफुलाच्या चकतीत बियांच्या मधे मधे जे कोरडे खवले असतात, त्यांनाही वनस्पतिशास्त्रात चॅफ म्हणतात. थट्टा करणे हा अर्थ मात्र एकोणिसाव्या शतकातल्या बोलीतून वर आला आणि त्याचा धागा कोशकार भुसाऐवजी घासणे, चोळणे या अर्थाच्या 'चेफ' या क्रियापदाशी जोडतात.

'टाकाऊ' हा लाक्षणिक अर्थ इंग्रजीत पक्का झाला तो मुख्यतः बायबलमुळे. पहिल्या स्तोत्रात दुर्जनांना वाऱ्याने उडून जाणाऱ्या भुसाची उपमा दिली आहे, आणि मत्तयच्या शुभवर्तमानात गहू कोठारात साठवला जाईल व भूस जाळले जाईल असे म्हटले आहे. गव्हापासून भूस वेगळे करणे हा वाक्प्रचार त्यामुळे इंग्रजीत इतका रुळला आहे की नोकरीच्या अर्जांपासून बातम्यांपर्यंत कशालाही तो लावला जातो. मला मात्र हा अर्थ या शब्दाच्या सगळ्या अर्थांत सर्वांत उथळ वाटतो, कारण तो वेगळे करण्याची कृती सोपी आणि निर्णायक असल्याचे गृहीत धरतो. विसाव्या शतकात सैनिकांनी आणि गणितज्ञांनी हा शब्द उचलला, तो याच गृहीतकाला उलटे करून: त्यांनी भूस काढून टाकण्याऐवजी ते मुद्दाम मिसळले.

रडार रेडिओ लहरी सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून विमान कोठे आहे ते सांगते. वीजवाहक पदार्थाची पट्टी लहरींच्या लांबीच्या सुमारे निम्मी असेल, तर त्या लहरींशी तिचा अनुनाद होतो आणि ती स्वतःच्या आकाराच्या मानाने कितीतरी मोठा प्रतिध्वनी परत पाठवते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांनी ही शक्यता दुसऱ्या महायुद्धापूर्वीच सुचवली होती आणि १९४२ मध्ये जोन करन यांनी प्रयोग करून तिला वापरता येईल असे रूप दिले. जर्मनीच्या वुर्ट्‌झबुर्ग रडारची लहर सुमारे ५३ सेंटिमीटर लांबीची होती, म्हणून अॅल्युमिनियमचा मुलामा असलेल्या कागदाच्या पट्ट्या सुमारे २७ सेंटिमीटर लांब कापण्यात आल्या. ब्रिटिशांनी या युक्तीचे सांकेतिक नाव 'विंडो' ठेवले. जर्मनांकडेही 'ड्युपेल' नावाने हीच युक्ती तयार होती, पण शत्रू ती उचलेल आणि आपल्यावरच उलटवेल या भीतीने दोन्ही बाजूंनी ती बराच काळ दडवून ठेवली.

२४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर निघालेल्या ७९१ ब्रिटिश बाँबफेकी विमानांनी वाटेत ठरावीक अंतराने या पट्ट्यांचे गठ्ठे सोडले. प्रत्येक गठ्ठ्यातून हवेत पसरलेला ढग रडारच्या पडद्यावर एका विमानासारखा दिसत होता आणि त्या गर्दीत खरे विमान कोणते हे सांगणे चालकांना अशक्य झाले. त्या रात्री १२ विमाने पडली, म्हणजे त्या काळच्या मानाने फारच थोडी. जमिनीवरची किंमत वेगळी होती. पुढच्या काही दिवसांच्या हल्ल्यांत त्या शहरात ३०,००० हून अधिक माणसे मेली. पुढे जून १९४४ मध्ये, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरील दोस्त सैन्याच्या अवतरणाच्या आदल्या रात्री, लँकॅस्टर विमाने इंग्लिश खाडीवर ठरावीक चौकटीत घिरट्या घालत आणि प्रत्येक घिरटीला थोडी पुढे सरकत पट्ट्या टाकत राहिली, जेणेकरून किनाऱ्यावरच्या रडारला जहाजांचा मोठा ताफा जहाजांच्याच संथ चालीने वेगळ्याच दिशेला येत असल्याचे दिसावे. अमेरिकनांनी या पट्ट्यांना 'चॅफ' म्हटले आणि पुढे तेच नाव सर्वत्र टिकले.

हे नाव किती चपखल आहे ते रडारच्या प्रत्युत्तरात दिसते. विमानातून सुटलेली पट्टी क्षणार्धात आपला वेग गमावते आणि वाऱ्याबरोबर तरंगू लागते, विमान मात्र पुढे निघून जाते. परत येणाऱ्या लहरीच्या कंप्रतेत पडणाऱ्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, वस्तूचा वेग मोजता येतो, त्यामुळे जे वाऱ्याच्या वेगाने सरकते ते गाळून टाकायचे आणि जे वाऱ्याला जुमानत नाही तेवढेच दाखवायचे, असा नियम रडारला घालून देता येतो. जर्मन अभियंत्यांनी हॅम्बुर्गनंतर या दिशेने काम सुरू केले आणि आजची लढाऊ रडारे याच तत्त्वावर चालतात. खळ्यावरची उफणणीही हेच तपासते. म्हणून आज चॅफ एकट्याने पुरत नाही. तो सोडल्यावर वैमानिक विमान असे वळवतो की रडारच्या दिशेने त्याचा वेग जवळजवळ शून्य दिसावा, आणि मग वाऱ्यावरचा ढग व विमान यांच्यात फरक उरत नाही. हे कॅमेलिनाच्या बियांसारखेच झाले.

आजचा चॅफ कागदाचा नसून केसाहूनही बारीक काचतंतूंवर अॅल्युमिनियम चढवून केलेला असतो आणि एका लहानशा काडतुसात असे लक्षावधी तंतू मावतात. १० गिगाहर्ट्‌झच्या रडारची लहर ३ सेंटिमीटरची असल्यामुळे त्यासाठी तंतू सुमारे दीड सेंटिमीटरचे लागतात, आणि समोर कोणते रडार असेल हे आधी माहीत नसल्याने एकाच काडतुसात निरनिराळ्या लांबीचे तंतू भरलेले असतात. सराव उड्डाणांत सोडलेले हे तंतू तासन्‌तास हवेत राहतात, त्यामुळे आकाश निरभ्र असतानाही हवामान रडारवर पावसाचा पट्टा उमटतो. जहाजेही क्षेपणास्त्रांपासून बचावासाठी चॅफचे अग्निबाण उडवतात, पण फसलेले क्षेपणास्त्र नाहीसे होत नाही. २५ मे १९८२ रोजी फॉकलंड युद्धात ब्रिटिश युद्धनौकांनी चॅफ सोडून एक्झोसेट क्षेपणास्त्रे चुकवली, आणि त्यांनी पुढे जाऊन 'अटलांटिक कन्व्हेयर' हे मालवाहू जहाज गाठले, ज्यावर असे कोणतेही संरक्षण नव्हते; त्या जहाजावरची १२ माणसे दगावली.

संगणकशास्त्रातला अर्थ यापेक्षा शांत, पण कल्पकतेत सरस आहे. १९९८ मध्ये एमआयटीतील रॉन रिव्हेस्ट यांनी 'भूस मिसळणे आणि उफणणे' या अर्थाच्या नावाने संदेश गुप्त ठेवण्याची अशी रीत मांडली, जिच्यात संदेशाचे कूटलेखन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात त्याचे रूपांतर, मुळी करायचेच नसते. संदेशाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि एक पडताळणी-संकेत जोडायचा. हा संकेत तो तुकडा आणि पाठवणारा व घेणारा या दोघांनाच माहीत असलेली किल्ली यांतून गणिताने काढलेला असतो. मग त्यात चुकीचे संकेत लावलेले खोटे तुकडे मिसळायचे. उदाहरणार्थ, क्रमांक १ चे दोन तुकडे जातात: 'उद्या सकाळी भेटू', संकेत ४६३, आणि 'उद्या भेटणे नको', संकेत ७१८. क्रमांक २ चेही दोन: 'पुलाजवळ', ९०५, आणि 'स्थानकाजवळ', २३७. किल्ली असलेला माणूस प्रत्येक संकेत पडताळून पाहतो, न जुळणारे तुकडे टाकून देतो आणि संदेश वाचतो. मधे कान लावून बसलेल्याला सगळे शब्द उघडे दिसतात, पण कोणते खरे ते कळत नाही. असे २० क्रमांक असतील, तर त्याच्यासमोर दहा लाखांहून अधिक संभाव्य संदेश उभे राहतात. अट एवढीच की खोटे तुकडे पटण्याजोगे हवेत, आणि ती पाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे संदेश अगदी एकेका बिटपर्यंत तोडून प्रत्येक ठिकाणी ० आणि १ असे दोन्ही पाठवणे. त्यामुळे पाठवायचा मजकूर प्रचंड फुगतो, आणि म्हणून रिव्हेस्ट यांनी तो आटोक्यात आणण्याचे उपायही त्याच लेखात सुचवले.

या रीतीमागे तेव्हाचा एक वाद होता. अमेरिकेत सरकारला कूटलेखनाच्या किल्ल्या मिळाव्यात की नाही यावर जोरदार चर्चा चालू होती, आणि संदेश कोणी पाठवला हे सिद्ध करण्यासाठीच्या पडताळणीवर मात्र कोणाचा आक्षेप नव्हता. रिव्हेस्ट यांनी दाखवून दिले की केवळ पडताळणीच्या बळावरही गुप्तता साधता येते. इतकेच नव्हे, तर भूस मिसळणारा तिसराच कोणी असू शकतो, ज्याच्याकडे किल्ली नसते आणि पाठवणाऱ्याला ज्याची कल्पनाही नसते. खोटा संकेत लावायला किल्ली लागतच नाही. सरकारने आता पडताळणीच्या किल्ल्या मागितल्या, तर त्या हाती येताच त्याला कोणाच्याही नावाने अस्सल वाटणारा खोटा संदेश तयार करता येईल, आणि बँकांपासून न्यायालयांपर्यंत कोणालाही अशी मागणी मान्य होणे कठीण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.